मास्तरांची पाच वाजताची सकाळ

संध्याकाळी पाच वाजता दात घासणारा माणूस पाहायला पेडण्याला आमच्या वाड्यावर यायला हवं होतं. माझे शेजारी रामनाथ मास्तर, निवृत्त विज्ञानशिक्षक, खांद्यावर टॉवेल टाकून कुंपणापाशी चूळ भरत आणि कामावरून दमून आलेल्या मला, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला, विचारत, "काय रे, नाश्तो झालो?" पाववाल्या पोदेराची सायकल आली की न्याहारीचे उंडे घेत.

कारण विचारलं की व्याख्यान. "मेंदूच्या तळाक तांदळाच्या दाण्याएवढं घड्याळ आसा. त्याच्या पेशींक बारीक दारां. सोडियम आत शिरलो की पेशी बडबडतात, तो दिवस. पोटॅशियम भायर गेलो की गप्प, ती रात. समजलं मरे?" वाड्यावर कुणी जांभई दिली तरी मास्तर पोटॅशियमचं नाव घेत.

एकदा देवळाच्या सकाळच्या बैठकीत मास्तर डुलक्या घेत होते. मी म्हटलं, "ह्यांच्याकडे सूर्य पश्चिमेला, मांद्र्याच्या समुद्रातून उगवतो!" सगळे हसले. मास्तरही हसले.

चतुर्थीचा प्रसाद द्यायला मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांची बायको, शालूमाई, आजारी असते एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ती न्हाऊनमाखून बसली होती आणि मास्तर तिच्या केसांत अबोली माळत होते.

"आज शाळा ना तुमका?" तिनं विचारलं.

"ना गो. आज आयतार."

"काल पण आयतारच होतो."

"आमका रोज आयतार."

मला बाहेर सोडायला आले तेव्हा मास्तर हळूच म्हणाले, "तिका विसर पडता. डोक्यातलं घड्याळय उलटलं. दिसभर झोप, सांजेक जाग. पयली मी तिच्यार रागावलंय. मागीर म्हटलं, तिणे एकटीन कित्याक जागायचं? मीच माझी सकाळ हलवली." फाटक उघडून देत म्हणाले, "सांजेचो येत जा रे. तिका माणसां आवडतात."

"येतो," मी म्हटलं. गेलो नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ, करता करता माघात माई गेली.

बाराव्याला मास्तरांनी माझा हात धरला. "माका सकाळी उठवशील? परत पयल्या सवयीर येवक जमना."

आता रोज सहाला मी त्यांच्या खोलीत जातो. खांद्याला हात लावला की ते डोळे न उघडताच विचारतात, "ती उठली?"

मी खिडकी उघडतो. ऊन येईपर्यंत त्यांच्या उशाशी बसतो.