ठिपक्यांची रेघ

गजभिये सरांवर लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. कोणी विषय काढला की त्यांच्या स्कूटरचा किस्सा सांगायचो, लोक हसायचे आणि मी सुटायचो. आज सुरुवात स्कूटरपासूनच करतो, पण सुटायचं नाही असं ठरवून.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. आमच्या शाळेत मी गणित शिकवायचो, गजभिये सर भौतिकशास्त्र. रोज संध्याकाळी ते शालूवहिनींना मागे बसवून सदर बाजारातून भाजीला निघत. वहिनींच्या मांडीवर वही, हातात पेन्सिल. नवऱ्याच्या खांद्यावरून मान काढून त्या वेगाचा काटा वाचायच्या आणि मनात पाच मोजून झाले की ओरडायच्या, "बावीस! अठरा! अहो, गाय! शून्य!"

घरी आल्यावर आधी आलेख, मग चहा. आडवा वेळ, उभा वेग.

"पाहा पाठक सर," ते मला कागद दाखवत, "हा आपला सदर बाजार. आधी नुसत्या टेकड्या होत्या, राजधानी झाल्यापासून पुरी करवत झाली. अन् इथं रेघ आपटली नं, तिथं लाल दिव्याची गाडी आली. मंत्री पुढं गेले, आपण शून्यावर."

माणसंही ते रेघेवरच मोजत. नव्या शिपायाबद्दल म्हणत, "चढ चांगला आहे, लवकर वेग घेते पोट्टा." हेडमास्तरांची रेघ सपाट.

"म्हणजे थांबलेत?" मी विचारलं.

"थांबले कुठं? त्याच वेगानं चालून राहिले. रिटायर होईपर्यंत चालतीन."

आणि कोणी म्हातारपणाचं रडगाणं लावलं, की ठरलेलं वाक्य यायचं, "रेघ खाली आली म्हणून माणूस मागं नाही जात हो. शून्याच्या वर आहे तोवर तो पुढंच जाऊन राहिला. फक्त हळू." हेच ते अकरावीच्या वर्गाकडून हिंदीत घोकून घ्यायचे. "पीछे नहीं गया, धीमा हुआ!" असा गजर रोज भिंतीतून माझ्या वर्गात यायचा. मी वैतागायचो. नीट ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

सहामाहीच्या वेळी सरांना मतदार यादीच्या कामाला जुंपलं. पेपर त्यांनी काढून ठेवला होता. तपासायचं काम त्यांनी गुपचूप माझ्यावर सोपवलं. शाळेत ते चालत नसे. एका प्रश्नात गाडीच्या वेगाचा आलेख होता. रेघ चढते, सपाट जाते, मग उतरून शून्याला टेकते. शेवटच्या भागात गाडी काय करते? मी घाईत तो अंतराचा आलेख समजलो आणि उत्तर ठरवलं, गाडी निघाली तिथं परत आली. ‘गाडी पुढेच जातेय, पण हळू होतेय’ असं बरोबर लिहिणाऱ्या सगळ्या मुलांना मी भोपळा दिला.

शहराबाहेरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातले एक इंजिनियर मुलीचा पेपर घेऊन हेडमास्तरांच्या खोलीत आले. "ये कौन पढाता है साहब? मैं ब्रेक मारूंगा तो गाडी घर लौट जाएगी?"

सरांना बोलावणं गेलं. उपमुख्याध्यापक म्हणून माझं नाव जवळजवळ ठरलेलं होतं, त्यामुळे मीही तिथं बसलेला.

"गजभियेजी, यही सिखाते हैं आप?" हेडमास्तरांनी गठ्ठा पुढे सरकवला.

सरांनी दोन पानं उलटली. लाल शाईतल्या इंग्रजी साताला मधे आडवी दांडी होती. शाळेत तशी दांडी मी एकटाच देतो. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा नकाशा बघत होतो. जुना होता, आपलं नवं राज्य त्यात अजून आलेलं नव्हतं.

"बच्चों के नंबर ठीक करवा दीजिए," सर म्हणाले. "बस."

गुण दुरुस्त झाले. सरांची अकरावी काढून घेतली आणि सहावीचं विज्ञान दिलं. मी उपमुख्याध्यापक झालो. नव्या खुर्चीत बसून महिना झाला नसेल, तोच वरच्या मजल्यावरून कोवळ्या आवाजात गजर आला, "पीछे नहीं गया, धीमा हुआ!"

दोन वर्षांनी शालूवहिनी वारल्या. त्यानंतर एका संध्याकाळी मी सगळं कबूल करायचं ठरवून सरांच्या घरी गेलो. ते दारात स्कूटर पुसत होते.

"बरं झालं आले. बसा मागं. काटा मलेच पाहा लागते, मग गाय दिसत नाही."

वहिनींची वही त्यांनी माझ्या हातात दिली. मी बसलो. सदर बाजार लागला.

"सर, तो सहामाहीचा पेपर..."

"किती?"

"अं?"

"काटा किती दाखवून राहिला?"

"अठरा."

अठरा लिहिलं. पुन्हा तोंड उघडलं. पण डोळ्यांत पाणी आलं आणि काटाही दिसेना. सराफांची दुकानं गेली, कापडाची गेली. सरांनी एकदाही "किती" विचारलं नाही.

घरी त्यांनी आलेख काढायला घेतला. मधे मोठी जागा रिकामी राहिली.

"इथं तुम्ही गप्प होते," ते म्हणाले.

मी मान हलवली. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि तुटलेल्या रेघेची दोन टोकं बारीक ठिपक्यांनी जोडून दिली.

"शालू बी रुसली की गप्प बसे. मग मी असंच करत होतो. काटा कोणी वाचला नाही म्हणून गाडी थोडीच थांबते?" मग वही मिटून म्हणाले, "उद्या येता नं?"

मी गेलो. ते मुलीकडे नागपूरला राहायला जाईपर्यंत रोज गेलो. सदर बाजारातली प्रत्येक गाय मी ओरडून सांगितली. तेवढं एक सोडून सगळं सांगितलं. आता सर नाहीत. तो कागद मात्र माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. त्या ठिपक्यांच्या जागी मला जे म्हणायचं होतं, ते एवढंच होतं:

सर, तो पेपर मी तपासला होता. तुमचा वर्ग माझ्यामुळे गेला. मला माफ करा.