भिकाजींच्या ढोलाची कॅसेट

"हा आमच्या ह्यांचा ढोल नाय," गोदूबाई ठामपणे म्हणाल्या. "ही कुणाची तरी पाण्याची टाकी घाटीवरनं गडगडत आली."

मालनने टेपरेकॉर्डर बंद केला आणि वहीत नोंद केली : 'प्रयोग पहिला. रेकॉर्डरमधलाच माईक. अंतर दोन फूट. आवाज फाटतो.' ती गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची आणि गोदूबाईंच्या पडवीतल्या खोलीत भाड्याने राहायची. टेपरेकॉर्डर तिचा स्वतःचा होता, बाजारातला सर्वांत स्वस्त.

भिकाजी ढोल मांडीवर घेऊन उजवे मनगट चोळत बसले होते. सगळे त्या मनगटापायीच चालले होते. चाळीस शिमगे पालखीपुढे ढोल वाजवून ते निकामी झाले होते. घटकाभर टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, धरता येई, दिवसभर नाही. गावच्या बैठकीत ठरले, की मुलाला, धाकूला, सातही चाली वाजवता आल्या तर ढोलाचा मान घरात राहील. नाहीतर तो खालच्या वाडीच्या काशीरामकडे जाईल. धाकूला पाच चाली येत होत्या. पालखीच्या दोन राहिल्या होत्या आणि तो मुंबईत कारखान्यात होता. रजा चारच दिवसांची, यायचा होळीच्या आदल्या दिवशी. तिकडे वाजवायला मंडळाचा ढोल होता, शिकवायला बाप नव्हता.

"कॅसेट पाठवू," मालन म्हणाली होती, आणि तेव्हापासून तिचे रविवार गेले.

दुसऱ्या रविवारी तिने लाऊडस्पीकरवाल्या केरूचा माईक आणला. लोखंडी, वजनदार, लग्नामुंजीत पोचे पडलेला.

"ह्याच्यात कितीबी बोंबला बाई, ह्याला काय होत नाय," केरू अभिमानाने म्हणाला. "आमच्या सरपंचांची भाषणं पचवलीत त्यानं."

ते खरे ठरले. डाव्या हाताची थाप त्याने जशीच्या तशी पकडली. पण उजवीकडच्या टिपराची बारीक तडतड त्याला ऐकूच जाईना.

"नुसती थाप ऐकून धाकू काय शिकायचा?" भिकाजी म्हणाले. "चाल टिपरात असते, बाई. थाप म्हंजे दार उघडणं. माणूस आत येतो तो टिपरावर."

मालनने हे वाक्य वहीत उतरवले. फिजिक्सच्या पुस्तकात कुणी इतके नेमके लिहिलेले तिला आठवेना.

मग ती रत्नागिरीला जाऊन रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून शर्टाच्या बटणाएवढा माईक घेऊन आली. पेन्सिल सेलवर चालणारा. त्याने टिपरू सुरेख पकडले. त्याबरोबर कावळे, रहाटाची करकर आणि गोदूबाईंनी शेजारणीला हळू आवाजात सांगितलेली एक गोष्टही.

"पुसा ती आधी!" गोदूबाई कडाडल्या.

थाप पडली की मात्र बिचारे बटण गुदमरून जाई. शेवटी मालनने शाळेच्या प्रयोगशाळेतून चार विद्युत रोध, म्हणजे रेझिस्टर, आणले आणि दोन्ही माईक एका वायरीत जोडले. थापेकडे केरूचा लोखंडी, टिपराकडे बटण. बटणाला तिने आपला लोकरी पायमोजा घातला.

"थंडी वाजते त्याला?" भिकाजींनी गंभीरपणे विचारले.

"नाही काका, वारा लागतो."

तिसऱ्या रविवारी सकाळी अंगणात भिकाजींनी पालखीची चाल धरली. मालन रेकॉर्डरवर वाकून बसली होती. दहा मिनिटांनी तिने मान वर केली तेव्हा अंगण बायकांनी भरले होते. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या ओटीचे ताट. एकीने तर घाईघाईत दारापुढे सडा घालून रांगोळीही काढली होती. मागून मानकऱ्यांपैकी दोघे शर्टाची बटणे लावत धावत आले.

"पालखी खंय हाय?" एकाने धापा टाकत विचारले.

"पालखी नाय. कॅसेट हाय," भिकाजी म्हणाले.

"पौषात पालखीची चाल? अवो, निम्मी वाडी अंगणात उभी हाय! माझ्या म्हातारीनं नवस बोलायला सुरुवात केली!"

गर्दीमागून काशीराम शांतपणे म्हणाला, "बोलू दे. औंदा ह्यांच्या ढोलाच्या मानाला नवस लागतीलच."

पुढचा रविवार मग गावापासून लांब, कातळावर. तिथे पालखीची वाट बघणारे कुणी नव्हते, पण वारा असा होता, की पायमोज्यासकट माईक उडून करवंदीच्या जाळीत गेला. त्यानंतर गोठा. गुरे चरायला गेलेली, तिन्ही भिंतींना आढ्यापर्यंत पेंढा. मालन आत शिरली, तिने एक टाळी वाजवली आणि तिचा चेहरा उजळला. प्रतिध्वनी शून्य. आवाज बाहेरही फारसा जात नव्हता. मोठ्या शहरात लोक ज्याच्यासाठी पैसे मोजतात ते इथे म्हशी खात होत्या.

भिकाजींनी तिथे दोन्ही चाली वाजवल्या. दुखऱ्या मनगटाने, डोळे मिटून, एकही मात्रा इकडची तिकडे न करता. मालन श्वास रोखून ऐकत राहिली. घड्याळाचा लंबक तिने पुष्कळदा मोजला होता; हा माणूस त्याच्यापेक्षा नेमका होता.

कॅसेट ऐकताना मात्र तिच्या कपाळाला आठी पडली. थाप, टिपरू, दोन्ही स्वच्छ होते. पण मोठी थाप पडली, की लगेच टिपराचा आवाज खाली बसायचा आणि मग हळूहळू वर यायचा.

"हा माईकचा दोष नाही," ती खिन्नपणे म्हणाली. "स्वस्तातल्या रेकॉर्डरचा आहे. मोठा आवाज आला की तो घाबरून आपणच आवाज कमी करतो. ते बंद करायची सोय ह्याच्यात नाही."

भिकाजींनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा.

मालनने चिठ्ठी लिहिली : 'धाकू, थापेनंतर आवाज बसतो तो यंत्राचा दोष आहे. तसे वाजवू नकोस.' ती कॅसेटच्या डबीत घातली आणि डबी भिकाजींच्या हाती दिली. मुंबईला निघालेल्या भागोजीकडे ते ती देणार होते.

शिमग्यात पालखी सहाणेच्या चौथऱ्यावरून उठली आणि धाकूने चाल धरली. पहिल्याच थापेला मालन गर्दीतून पुढे सरकली. दणदणीत थाप, आणि पाठोपाठ टिपरू एकदम खाली, कानाशी कुजबुजल्यासारखे. मग चढत, चढत, चढत पुढच्या थापेपर्यंत. हुबेहूब तिचा रेकॉर्डर! आता मान गेला, आणि तो आपल्या हातून गेला.

पण पालखीला खांदा देणाऱ्यांचे पाय त्या कुजबुजीला सावकाश झाले, वाकले, आणि आवाज चढू लागला तशी पालखी खांद्यांवर अशी उसळली, की बायका नारळ फोडायचे विसरल्या. म्हातारे मानकरी डोळे पुसत म्हणाले, "मान खंय जात नाय आता."

मालनने धाकूला गाठले. "माझी चिठ्ठी वाचली नाहीस?"

"कसली चिठी, बाई?"

मागे उभ्या भिकाजींनी हळूच चंची उघडली आणि सुपारीखालून घडी घातलेला कागद काढून तिच्या हातावर ठेवला.

"मना वाचता येत नाय," ते म्हणाले. "पण तुमी काय लिवलंत ते तुमच्या तोंडावरनं कळलं हुतं. चाळीस वरसं मी थाप मारली की तसाच पुढं धावायचो. देवाला दम खायाला जागाच ठेवली नाय. तुमच्या यंत्रानं ठेवली. म्हटलं, पोरगा तरी नीट शिकू दे."

मालनने चिठ्ठी वहीत ठेवली, जिथे त्या कॅसेटच्या नोंदीत 'दोष' असे लिहिले होते तिथेच, आणि तो शब्द खोडला.

चार दिवसांनी काशीराम शाळेच्या फाटकापाशी येऊन उभा राहिला. इकडे तिकडे बघत म्हणाला, "बाई, माझ्या भाच्यालापण शिकवायचं हाय. माईक कंचा घेऊ, तेवढं सांगा. भारीतला घेतो."

विज्ञानाच्या बाईने खोटे बोलायचे नसते.

"माईक कुठलाही चालेल," ती म्हणाली. "रेकॉर्डर मात्र स्वस्तातलाच घ्या."