मार्ताबाई उभ्या आहेत

मार्ताबाई घराबाहेर वाकत नाहीत. किल्ली पडो, चष्मा पडो, एकदा तर पासपोर्ट चिखलात पडला, तरी त्या ताठच. मान वर ठेवून हाक मारतात, "राव, या. हितं उभं राहा." आपण शेजारी उभं राहून चारी बाजूंना नजर टाकली, की मगच त्या वाकतात. खोडदच्या मेडिकलवाल्याने एकदा त्यांना न मागता कमरदुखीचा पट्टा काढून दाखवला होता.

कमरेला काही झालेलं नाही. आमच्याकडे ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. उभ्या माणसाला तो सहसा बिचकतो. खाली वाकलेलं माणूस त्याला शेळीएवढं दिसतं.

बाई डेन्मार्कच्या. तिकडे मास्तरीण होत्या, निवृत्त झाल्यावर आमच्या संस्थेतर्फे इथल्या शाळांत निसर्ग शिकवायला येतात. वर्षातले सहा महिने, बिनपगारी. मी संस्थेत स्वयंपाक करतो, वेळ पडली तर जीपही चालवतो. मूळचा हिंगोलीकडचा. बाई मराठी शिकल्या त्या खुरपणाऱ्या बायकांकडून, त्यामुळे सरपंच असो की कुत्रं, सगळे 'राव'. पुण्याहून आलेल्या मोठ्या साहेबांना म्हणाल्या, "तुमी लई उशीर केला, राव. पोरं उन्हात बसली." साहेब हसले. बाई हसल्या नाहीत.

पण आधी त्या अशा नव्हत्या. तेव्हा त्या सारख्या वाकलेल्याच असायच्या. मुंगी दिसली की बसल्या, शेण दिसलं की बसल्या. भित्रा होतो तो मी. भांडी घासायचा नळ मागच्या बाजूला, उसाला लागून. अंधारायला लागलं की मी पातेली सकाळपर्यंत भिजत टाकायचो. बाई म्हणायच्या, "तुमची करपलेली खिचडी त्यो बी खात नाय."

मग बाईंनी तिसरीच्या मुलांना घरचा अभ्यास दिला. बांधावरच्या पाच झाडांच्या पाच बिया आणा. बिबट्याचा धडा त्यांनीच घेतला होता, घोळक्याने चला, मोठ्याने बोला, सगळं पाठ करून घेतलं होतं. पण बिया जमिनीवर असतात.

गावातल्या सुनंदाताईंची तिसरीतली थोरली, कावेरी, दिवस मावळायच्या आधी घरामागच्या बांधावर गेली. उसात सापडली तेव्हा तिच्या फ्रॉकच्या खिशात चार बिया होत्या.

गावात बाईंना कोणी बोललं नाही. अभ्यासाचं सुनंदाताईंना माहीतही नव्हतं. बाईच मला घेऊन त्यांच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "मी सांगितलं व्हतं. पाच बिया." सुनंदाताईंनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून धाकटी शाळेत आली नाही. ती पहिलीत होती.

त्याच आठवड्यात मी दिवेलागणीला पातेली भिजत टाकत होतो, तर बाई स्टीलची थाळी आणि डाव घेऊन नळापाशी आल्या. "घासा. मी हाय उभी." आणि ठणठण सुरू. मी म्हणालो, बाई, तुम्ही कशाला? "तुमी वरडलात तर कुणाला ऐकू जायचं नाय," त्या म्हणाल्या. तेव्हापासून रोज. घर सोडल्यापासून माझ्यासाठी कोणी नुसतं उभं राहिलं असेल, तर त्याच.

यंदा त्या परत येतील असं मला वाटलं नव्हतं. आल्या. आणि दर शनिवारी शाळा सुटली की मला जीप काढायला लावून सुनंदाताईंच्या शेतावर जायला लागल्या. सुनंदाताई कांदा खुरपायला बसलेल्या, गळ्यात खिळ्यांचा पट्टा, बिबट्याने मान धरू नये म्हणून इथे बायका घालतात तो. बाई बांधावर, उसाकडे तोंड करून थाळी वाजवत उभ्या. पलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या आभाळाकडे तोंड करून. सुनंदाताई 'या' म्हणाल्या नाहीत, 'जा' म्हणाल्या नाहीत. रस्त्याने जाणारे म्हणायचे, "पावणीला राखणीला ठिवलं का काय?" धाकटी आईच्या पाठीला चिकटून मातीत रेघोट्या ओढायची.

मला त्या रेघोट्या बघवत नव्हत्या. सातवीत मीही आठ दिवसांसाठीच घरी बसलो होतो, तो कायमचाच. बाईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणून तर जाते. पर पोरीला शाळंत धाडा म्हणायचं कसं, राव? मी कोण?"

गेल्या शनिवारी बाईंच्या हातून डाव निसटला. त्यांनी मान वळवून मला शोधलं. मी रस्त्यावर जीपपाशी होतो, लांब. बाई तशाच ताठ उभ्या राहिल्या, हातात मुकी थाळी.

सुनंदाताईंनी खुरपं खाली ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, बाईंच्या शेजारी आल्या आणि उसाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"उचला. मी हाय उभी."

बाई वाकल्या. मी धावत बांधापर्यंत पोचलो तरी त्या खालीच होत्या. डाव कधीच हातात आला होता, खांदे हलत होते. सुनंदाताईंनी खाली पाहिलं नाही. नजर उसावरच ठेवून त्या म्हणाल्या, "सोमवारी धाकटीला गाडीतनं न्या. दारातनं न्यायची, दारात आणून सोडायची. आन् घरचा अभ्यास देऊ नका."

"नाय," बाई खालूनच म्हणाल्या. "नाय देणार."