दरबारी कुंडीतला वेल

एका जंगलात, मुलांनो, इतकी झाडं होती की भर दुपारीही ऊन जमिनीपर्यंत पोचत नसे. तरीसुद्धा तिथल्या प्रत्येक प्राण्याच्या दारात एक कुंडी होती आणि कुंडीत एक हिरवा वेल होता. जंगलात राहून कुंडीत झाड कशाला, असं तुम्ही विचाराल. तुम्ही लहान आहात म्हणून विचाराल. मोठे झालात की तुम्हीही एक कुंडी आणाल.

त्या जंगलात नरहरपंत साळिंदर राहत होते. राजाच्या धान्याच्या कोठारावर त्यांनी आयुष्य काढलं, पण एक दाणा इकडचा तिकडे केला नाही. यात पंतांचा गुण किती आणि त्यांच्या काट्यांचा किती, हे सांगणं अवघड आहे. साळिंदर चाललं की अंगावरचे काटे खुळखुळतात. पंतांनी चोरी करायची म्हटलं असतं तर जंगलाला आधी वर्दी गेली असती. पण प्रामाणिक ते प्रामाणिकच. पुष्कळ लोक सोय नाही म्हणून सज्जन असतात, त्यांना आपण नमस्कार करतोच की.

पंत निवृत्त झाले तेव्हा दरबारात मोठा निरोप समारंभ झाला. भाषणं झाली. श्रीफळ झालं. शाल पांघरताना ती काट्यांत अडकून टरकन फाटली, पण कोणाला काही दिसलं नाही. शेवटी सिंहमहाराजांनी स्वतःच्या हाताने एक पितळेची कुंडी दिली. तिच्यात एक टवटवीत वेल होता. कुंडीवर महाराजांची आयाळ कोरली होती. आयाळ एवढी मोठी झाली की चेहऱ्याला जागा उरली नाही, म्हणून चेहरा कुंडीच्या बुडावर कोरला होता.

"नरहरपंत," महाराज म्हणाले, "हा वेल म्हणजे तुमची सचोटी. हा हिरवा आहे तोवर तुमच्या नावाला कोणी बोट लावणार नाही. पुढच्या दसऱ्याला मी स्वतः बघायला येईन."

टाळ्या पडल्या. पंतांनीही वाजवल्या. हे वाक्य आपल्या गळ्यात काय अडकवून गेलं, ते त्यांना तेव्हा कळलं नाही.

पंत वेलाची सेवा करू लागले. सकाळी पाणी घालत, संध्याकाळी घालत, मध्ये आठवण झाली की घालत. निवृत्त माणसाला दुसरं आठवण्यासारखं असतं काय?

उन्हाळा सरत आला आणि एक पान कडेने तपकिरी पडलं. मग दुसरं पडलं. तिसरं पिवळं होऊन गळालंच.

पंतांनी ताबडतोब उपाय केला. कुंडी फिरवली आणि करपलेली बाजू भिंतीकडे केली. आपल्याकडे बहुतेक रोगांवर हाच पहिला उपाय असतो. पण भिंतीवर माकडं बसतात, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्या जंगलात बोभाटा झाला. "पंतांची सचोटी करपली म्हणे." "आगीशिवाय धूर निघतो का?" "एका वर्षी कोठारातली ज्वारी कमी भरली होती, आठवतंय?" कोणत्या वर्षी, ते कोणालाच आठवत नव्हतं. पण ज्वारी कमी भरली होती, हे आता सगळ्यांना पक्कं आठवलं.

वाटेत भेटणारे प्राणी पूर्वी वाकून रामराम करत. आता ते आधी पंतांकडे बघत, मग पंतांच्या दाराकडे बघत आणि मग हसत. पंतांना अन्न गोड लागेना. आयुष्यभर जपलेलं नाव चार पानांपायी जाणार, या भीतीने ते आतून हलले होते.

अस्वल वैद्य आले. त्यांनी पानाची नाडी बघितली आणि डोळे मिटले.

"अंगात उष्णता झाली आहे. पाणी वाढवा."

पंतांनी पाणी वाढवलं. आणखी चार पानं गेली. वैद्य परत आले.

"आता थंडी झाली आहे. उन्हात ठेवा."

पंतांनी कुंडी डोक्यावर घेतली आणि ऊन शोधत डोंगरमाथ्यावर गेले. तिथे पानं पापडासारखी कुरकुरीत झाली. वैद्य म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे, रोग बाहेर पडतोय.

पंतांची बायको द्वारकाबाई हे सगळं बघत होती. एक दिवस तिने कुंडीचा वास घेतला.

"अहो, तळाशी पाणी साचलंय. मुळं कुजली असतील. कुंडीला खाली एक भोक पाडा."

"कळतंय मला," पंत म्हणाले. आणि खरंच त्यांना कळत होतं. त्यांनीही मातीत नख घातलं होतं, ते चिखलाने भरून वर आलं होतं. "पण पाडू कुठे? महाराजांच्या नाकात?"

"मग मातीच्या कुंडीत लावा."

"आणि दरबारी कुंडी रिकामी ठेवू? महाराजांनी विचारलं तर काय सांगू, तुमच्या कुंडीत झाड मरतं?"

द्वारकाबाई पोळ्या लाटायला गेली. अशा प्रश्नांवर कुठलीही शहाणी बाई पोळ्याच लाटते.

मग शेजारच्या घोरपडकाकू आल्या. त्यांनी पानं बघितली नाहीत, माती बघितली नाही. त्यांनी एकच विचारलं.

"भावजी, वेल आणलात कुठून?"

"आणला नाही. महाराजांनी दिला."

"तरीच," काकू म्हणाल्या. "दिलेला वेल लागत नाही. विकतचाही लागत नाही. हा वेल चोरूनच लावावा लागतो. आमचा बघा कसा माजलाय. माकडांच्या दारचा चोरलाय. माकडांनी हरणांकडचा चोरला. हरणांनी आमच्याकडचा. एवढं हिरवंगार जंगल आहे, त्यात इमानदारीचा वेल तुमचा एकट्याचा. तो करपेल नाही तर काय होईल?"

"मग मी काय करू?"

"चोरा की. आमचाच चोरा. मी दुपारी डोळे मिटून पडते."

पंतांनी रात्रभर विचार केला. नाव वाचवायचं तर चोरी करायला हवी. चोरी केली तर नाव राहिलं कुठे? पण चोरी कोणाला दिसणार नव्हती आणि पानं सगळ्यांना दिसत होती. हिशेब पंतांना नेहमीच चांगला येत असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते खुळखुळ वाजत काकूंच्या दारात गेले आणि सवयीने म्हणाले, "काकू, येऊ का?"

काकू डोळे मिटूनच बोलल्या. "विचारलंत? संपलं. विचारून नेलं तर ती चोरी नाही. उद्या या."

दुसऱ्या दिवशी पंतांनी विचारलं नाही. पण शेजारी रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून वाटीभर भाजलेले शेंगदाणे नेले.

"वाटी ठेवल्याचा आवाज आला," काकू झोपेतून म्हणाल्या. "हा सौदा झाला, भावजी. वेल ठेवा. शेंगदाणे राहू द्या."

तिसऱ्या दिवशी पंतांनी ट्रंकेतून ती फाटकी शाल काढली आणि अंगाभोवती घट्ट गुंडाळली. काटे गप्प झाले. पंत पाऊल न वाजवता गेले, वेलाची सगळ्यात लांब कांडी पेराखाली तोडली आणि विचारलं नाही, काही ठेवलं नाही, आभार मानले नाहीत. येताना अंगणात वाळत घातलेले काकूंचे चार आवळेही उचलले. आवळे कशाला, ते त्यांना सांगता आलं नसतं. सोपं होतं, एवढंच.

घरी येऊन त्यांनी दरबारी कुंडीतला चिखल उकिरड्यावर पालथा केला, त्यातच जुना वेल गेला. कुंडी घासली, स्वच्छ पाणी भरलं आणि चोरीची कांडी त्यात सोडली. ती जात अशी निगरगट्ट की नुसत्या पाण्यावरही जगते. आठवड्यात मुळं फुटली, महिन्यात वेल आढ्याला लागला. वैद्य म्हणाले, माझ्या औषधाचा गुण सावकाश येतो.

जंगलाचा सूर बदलला. ज्वारी कमी नव्हे, जास्तच भरली होती, असं माकडांना आठवू लागलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी द्वारकाबाई परसातून एक फुटकं मडकं घेऊन आली. मडक्यात एक बारकासा वेल होता. त्याला दोनच पानं होती, त्यातलंही एक कडेने जरा तपकिरी होतं.

"बघा," ती म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता. "उकिरड्यावरनं उचलून मी यात लावला होता. मडकं फुटकं, त्यामुळे पाणी राहिलं नाही. तोच आहे हा, महाराजांनी दिलेला. जगला बिचारा. आता काकूंचा वेल देऊन टाका आणि हाच दाखवा उद्या."

पंतांनी पानं मोजली. एकेकाळी ते आनंदाने नाचले असते.

"दोन पानांवर उद्या माझं नाव उभं राहील का?" ते म्हणाले.

दसऱ्याला महाराज लवाजम्यासह आले. आढ्यापर्यंत गेलेला वेल बघून त्यांना भरून आलं.

"सचोटी असावी तर अशी," ते म्हणाले. माकडांनी जयजयकार केला. घोरपडकाकूंनी सगळ्यांत जोरात केला. मग महाराजांची नजर द्वारकाबाईने खिडकीत ठेवलेल्या मडक्यावर गेली.

"आणि हे काय आहे?"

द्वारकाबाई पंतांकडे बघत होती. आता तरी हे खरं सांगतील, असं तिला मनापासून वाटत होतं. इतकी वर्षं तिने याच माणसाच्या नावाचं कुंकू लावलं होतं.

"ते होय," पंत म्हणाले. "ते चोरीचं आहे, महाराज. शेजारून आणलेलं."

महाराज मनमुराद हसले. "पानांवरूनच कळतं. चोरीचं कधी फळतं का? उपटून टाका ते."

पंतांनी ते स्वतःच्या हाताने उपटलं. द्वारकाबाई आत गेली आणि महाराजांना ओवाळायलाही बाहेर आली नाही. तिला बरं नसेल, असं पंतांनी सांगितलं.

असा माणूस घरी बसवून ठेवणं राज्याला परवडणार नाही, असं महाराजांना वाटलं. त्यांनी तिथल्या तिथे कोठाराच्या किल्ल्या पुन्हा पंतांच्या हाती दिल्या.

तात्पर्य: कुंडीतल्या झाडाची पानं तपकिरी पडू लागली तर पाणी कमी करावं आणि कुंडीला खाली भोक पाडावं. मात्र कुंडी दरबारातून मिळालेली असेल तर भोक पाडू नये, चोरी करावी. तिला शिक्षा कमी असते आणि बढती लवकर मिळते.