इंजिनाच्या पोटातल्या अक्षता

दसऱ्याच्या दिवशी साडेअकराच्या सुमारास अपेक्षा इंजिनावर वाकली आणि तिथे नसायला हवं होतं ते तिला दिसलं.

इंजिनाला एका ओळीत चार भोकं होती. चार सिलिंडरांचे चार प्लग बसतात ती. त्यातल्या तिसऱ्या भोकाच्या काठावर तांदळाचा एक दाणा बसला होता. पिवळा, हळद लावलेला. अगदी ऐटीत.

"एकच आहे," अपेक्षा स्वतःला म्हणाली. "एकच. बाहेरच आहे." मग तिने मोबाईलचा टॉर्च भोकात मारला. खोल आत, नव्याकोऱ्या पिस्टनच्या डोक्यावर, पिवळ्या दाण्यांची पंगत बसली होती.

कामशेतहून पवनानगरला जाताना डाव्या हाताला महिपती मिस्त्रींचं, म्हणजे अपेक्षाच्या पप्पांचं, गॅरेज लागतं. एरवी तिथे पिकअप, ट्रॅक्टर आणि पवनेच्या कॅम्पवाल्यांच्या जीपा येतात. पण गेले अकरा महिने मधली जागा अडवून एक लाल, बिनटपाची, दोन माणसांची गाडी उभी होती. एकोणीसशे बासष्टचं मॉडेल. लोणावळ्याच्या ज्योत्स्नाबाईंची. बाईंच्या वडिलांनी ती एका दसऱ्याला घरी आणली, बाईंनी तरुणपणी तिच्यातून घाट पालथा घातला, आणि मग वीस वर्षं ती ताडपत्रीखाली गंजत पडली. इंजिन पार जाम झालेलं. महिपतींनी ते बोल्ट-बोल्ट सुटं केलं, आंबीच्या वर्कशॉपमधून बोअर करून आणलं, पिस्टन आणि रिंगा थेट विलायतेहून बोटीने मागवल्या. त्यालाच सात महिने गेले. दुसरा संच मिळणार नाही, असं पाठवणाऱ्याने स्पष्ट कळवलं होतं.

आणि या इंजिनाचे आठही व्हॉल्व्ह अपेक्षाने स्वतःच्या हाताने घासून बसवले होते! दहावीतल्या मुलीने! वर्गात हे सांगितल्यावर पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. फक्त पप्पांची एक अट होती. "एक चूक झाली अपू, का पाना खाली आन् पुस्तक वर. परत गॅरेजात पाऊल टाकायचं न्हाई."

आणि चूक झाली होती.

म्हणजे चूक अशी, की सकाळी पूजेच्या आधी अपेक्षाच्या डोक्यात एक भन्नाट कल्पना आली. दसऱ्याला सगळी हत्यारं पुजायची, पाने, जॅक, ग्राइंडर सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडू. मग इंजिनाचे प्लग का नकोत? ती पप्पांच्या नकळत प्लग काढून आली. रॉकेलने धुतले, पितांबरीने घासले आणि देवाच्या ताम्हणात चौघांना ओळीने उभं केलं. काय चमकत होते! ताम्हण पान्यांच्या मागे होतं, पप्पांचं तिकडे लक्ष गेलं नाही. पूजा आटोपून ते जीप घेऊन बाईंना आणायला लोणावळ्याला गेले. इंजिन तयारच होतं, आता फक्त किल्ली फिरवायची. बाईंची इच्छा होती, गाडी दसऱ्यालाच घरी आली होती, तर दसऱ्यालाच सुरू व्हावी.

भोकं उघडी राहिली होती, हे अपेक्षाला आत्ता, साडेअकराला आठवलं होतं.

"आजी!"

झुंबरबाई दारात झेंडूचं तोरण ओवत बसल्या होत्या. "काय गं? आरडती कशापायी?"

"तू अक्षता कुठं टाकल्यास?"

"कुटं म्हंजे? इंजनावर. पूजा इंजनाची, आन् अक्षता काय शेजाऱ्यावर टाकू?"

"इंजिनावर कुठं पण?"

"ती चार त्वांडं न्हाईत का वर केलेली, त्याच्यात," झुंबरबाई शांतपणे म्हणाल्या. "चौघांना सारखंच टाकलं बरं का. चिमूट चिमूट. एकाला ज्यादा, एकाला कमी, आसं मी पोरांत कधी केलं न्हाई, तर इंजनात कशाला करू?"

अपेक्षा मटकन टायरवर बसली. तांदूळ आत असताना किल्ली फिरली तर? रिंगांना ओरखडे. व्हॉल्व्हखाली दाणा अडकणार. अकरा महिने, एक बोट, आंबीच्या चार फेऱ्या, सगळं एका चिमटीत खलास. आणि मग पुस्तक वर.

"पाना दे आधी, हेडचं झाकण खोलायचंय," म्हणत ती उठली आणि हत्यारांकडे धावली.

"खबरदार!" झुंबरबाईंचा आवाज असा चढला की दारातलं मांजर पळालं. "पुजल्याली हत्यारं हायती. उद्या सकाळपातुर हात लावायचा न्हाई. तुजा आजा पंधरा वर्षं हितं ऱ्हायला, दसऱ्याला त्यानं कधी स्क्रू फिरवला न्हाई."

"आजी, बाई येतायत बारा वाजता!"

"येऊ दे की. मी च्या ठेवती."

ज्योत्स्नाबाई म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. एकोणऐंशी वर्षांच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या मावळाने त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या, त्यात महिपती मिस्त्रीही. पन्नाशीचा बाप्या, दोन टनांचं इंजिन साखळीने उचलणारा, पण बाईंचा फोन आला की उभा राहून बोलतो.

अपेक्षाने रस्त्यापलीकडे पाहिलं. पंक्चरच्या दुकानासमोर धम्मदीपकाका पांढराशुभ्र शर्ट, पांढरी पँट घालून गाडीला किक मारत होते. ती तशीच अनवाणी धावली.

"काका, थांबा! कॉम्प्रेसर! हवा!"

"अगं, आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. देहूरोडला चाललोय. घरची मंडळी पुढं गेली." मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला. "काय झालं? कुणी गेलं का?"

"जाणार आहे. मी."

सगळं ऐकून धम्मदीपकाकांनी आधी हसू दाबलं. मग गाडी स्टँडला लावली, दुकानाचं शटर वर केलं. "तुमच्या पान्यांना सुट्टी, आमच्या हवेला न्हाई. दहा मिनटं. पण शर्टाला डाग पडला तर तूच सांग माझ्या बायकोला."

लांबलचक निळा पाइप रस्ता ओलांडून गॅरेजात आला. झुंबरबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "ह्ये चालतं व्हय?"

"मावशी, हवा आहे. हवेला कुठं हळद-कुंकू लावलंत?"

झुंबरबाईंनी विचार केला. हवेला लावलं नव्हतं. चालतं.

पहिल्या भोकात नळी घालून काकांनी हवा सोडली. फुस्स! पिवळे दाणे कारंज्यासारखे उडाले, छताच्या पत्र्यावर टपटपले, खाली आले. अपेक्षाला इतकं हायसं वाटलं की तिने टाळीच वाजवली. दुसरं भोक. फुस्स! पुन्हा कोरडे, खणखणीत दाणे.

तिसऱ्या भोकात नळी गेली, आणि बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

"आले," अपेक्षा कुजबुजली. "काका, लवकर, लवकर!"

काकांनी घाईत खटका पूर्ण दाबला. त्याच क्षणी ज्योत्स्नाबाई काठी टेकत, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत, गाडीच्या नाकाजवळ येऊन म्हणाल्या, "वा! काय चाललंय?"

फचाक!

या वेळी दाणे एकटे आले नाहीत. पाण्याची पिचकारी आली. बाईंच्या केसांवर, चष्म्यावर, साडीवर अक्षता चिकटल्या. शेवटचा एक दाणा घरंगळत बाईंच्या काठीशी जाऊन थांबला.

बाईंनी चष्मा काढला, पुसला. "एकोणऐंशी वर्षं मी अक्षता चुकवल्या," त्या थंड आवाजात म्हणाल्या. "आज गाठलंत. नवरदेव कोण? ही गाडी का?"

महिपती दारात उभे होते. त्यांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. "अपेक्षा," ते म्हणाले. पूर्ण नाव. 'अपू' नाही. "प्लग कुणी काढलं?"

तिला वाटलं म्हणावं, आजीने. आजीला कोण रागावणार? पण आजीला प्लग म्हणजे काय तेही माहीत नव्हतं.

"मी," ती म्हणाली. "पूजेत छान दिसतील म्हणून. आणि भोकं झाकायची राहिली. सॉरी पप्पा. सॉरी बाई."

"पाना खाली," महिपती म्हणाले. तिच्या हातात पाना नव्हता, तरी तिने हात खाली केले.

"आरं थांब जरा," मधेच झुंबरबाई बोलल्या. त्या बाईंच्या खांद्यावरचा एक दाणा चिमटीत धरून निरखत होत्या. नखाने त्यांनी तो दाबला. मोडला तो. दुसरा दाणा जमिनीवरून उचलला, दाबला. टणक. "महिपत्या, ह्यो भिजलाय."

"आई, आता तांदूळ काय बघती!"

"जल्मभर भात केलाय मी. ह्यो इंद्रायणी हाय, आन् दोन तास पाण्यात बसल्याला हाय. बाकीचं कोरडं, ह्योच कसा भिजला? इंजनाच्या पोटात पाणी कुनी वतलं?"

महिपतींनी खिशातला टॉर्च काढला. ते तिसऱ्या भोकाजवळ गेले, टॉर्च मारला. आत पाणी चकाकत होतं. हवेने उडालं होतं त्याहून जास्त शिल्लक होतं. ते हळूच वाकून हत्यारांकडे बघायला लागले. मोठा टॉर्क पाना, ज्याने हेडचे नट शेवटचे आवळायचे असतात, तो झेंडूच्या माळेखाली कुंकू लावून पहुडला होता.

"महिपती," बाई म्हणाल्या. "सांग."

महिपती आपोआप सरळ उभे राहिले. "बाई, हेडचं नट तीन फेऱ्यांत आवळायचं आस्त्यात. दोन झाल्या. तिसरीच्या टायमाला आई म्हणाली, मुहूर्त टळतोय, हत्यारं आण पूजेला. मला वाटलं, दोनात भागंल. रेडिएटरात पाणी भरलं आन् गेलो. त्ये हेडखालनं झिरपलंय."

"आणि मी किल्ली फिरवली असती तर?"

"पिस्टन वर आला आस्ता. पाणी काय दबत न्हाई. दांडा वाकला आस्ता. कदाचित ब्लॉक बी फुटला आस्ता." त्यांनी टॉर्च विझवला. "काय ऱ्हायलं नसतं बाई."

"सातवीतही तू शेवटचं गणित सोडायचास," बाई म्हणाल्या.

धम्मदीपकाकांनी पाइप गुंडाळता गुंडाळता मान फिरवली. त्यांचे खांदे हलत होते.

"मग आता आवळ."

"आता?" महिपतींनी आईकडे पाहिलं. झुंबरबाईंनी नुसती मान हलवली. आडवी. "उद्या सकाळी, बाई."

बाईंनी केसांतला एक दाणा काढून हातावर ठेवला. मग काठी अपेक्षाकडे रोखली. "उद्या किल्ली ही फिरवेल. आणि हिला गॅरेजातून काढलंस, तर गाडी दुसरीकडे नेईन."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास ते इंजिन सुरू झालं. त्याचा आवाज पार पवनानगरच्या फाट्यापर्यंत गेला, शेअर जीपवाले थांबून बघायला लागले, वगैरे वगैरे. पण सांगण्यासारखी गोष्ट त्याच्या आधीची आहे.

नट तिसऱ्यांदा आवळून झाले होते. उरलेले दाणे उडवले, पाणी पुसलं, सिलिंडर वाळवले, तेल सोडलं, रेडिएटर पुन्हा भरला. बाई सीटवर बसल्या होत्या. अपेक्षा किल्ली घेऊन शेजारी बसली होती. चकचकीत प्लग हातात घेऊन महिपती इंजिनापाशी उभे राहिले, आणि उभेच राहिले. एकदा भोकांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मान खाजवली.

"आई," ते जरा हळूच म्हणाले. "तांदळाचा डबा आण."

"आता कशाला? दसरा झाला की."

"आण गं. चिमूट चिमूट टाक. तासभर बघू." मग बाई ऐकतायत हे लक्षात येऊन ते खाकरले. "चौघांना सारखंच टाक."

झुंबरबाईंनी पदर खोचला, डबा उघडला आणि मोठ्या मिस्त्रीच्या रुबाबात विचारलं, "इंद्रायणी टाकू का कोलम?"

महिपतींनी गंभीरपणे विचार केला.

"इंद्रायणीच टाक," ते म्हणाले. "तो लवकर भिजतो."