गादी मागताक्षणी परत मिळेल

सतरा वर्षं मी बँकेच्या जोखीम विभागात आहे आणि या सतरा वर्षांत मी हो म्हटलेलं एकही कर्ज बुडालेलं नाही! (बायको म्हणते, मी हो फारसं म्हणतच नाही. तो भाग वेगळा.) जोखीम मला दुरून दिसते. जेवणानंतर खिडकीशी खुर्ची ओढली, उन्हात पाय सोडले आणि डोळे मिटले, की अगदी स्वच्छ दिसते. आमचे साहेब याला डुलकी म्हणतात.

गाद्यांची कल्पना मला अशाच एका दुपारी सुचली. आमच्या इमारतीत आम्हाला सोडून वीस बिऱ्हाडं. प्रत्येकाच्या पलंगाखाली पाहुण्यांसाठी एक जादा गादी. वर्षातून आठ दिवस अंथरायची आणि उरलेलं वर्षभर झाडताना तिच्या नावाने चिडायचं. केवढी संपत्ती नुसती पडून! सगळ्यांनी गाद्या माझ्याकडे ठेवायच्या. पाहुणे आले की मागताक्षणी परत. मधल्या काळात त्या मी कुणा गरजूला भाड्याने देणार आणि भाड्यातून ठेवीदारांना नव्या खोळी. सगळ्यांचे पाहुणे एकाच दिवशी थोडेच येतात? अहो, बँका याच एका गोष्टीवर उभ्या आहेत!

"आणि गाद्या ठेवणार कुठे?" बायकोने विचारलं.

"मागच्या खोलीत."

मागची खोली मी तिला शिवणक्लाससाठी दिली होती. तीन वर्षांत तीनदा दिली होती.

"एक तारखेला मशीन येतंय," ती म्हणाली. "निम्मे पैसे भरलेत मी. जागा नसली तर मशीन परत जाईल आणि पैसेही जातील."

"अगं, एक तारखेला अजून महिना आहे!"

गाद्या आल्या. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर तर पट्टी घेऊन आले. गादीची लांबी-रुंदी मोजली आणि माझ्याकडून पावती लिहून घेतली, 'डाव्या कोपऱ्यात शाईचा डाग, बदकाच्या आकाराचा.' आठवड्यात तळमजल्यावरचे व्यायामशिक्षक आले. त्यांना मुलांच्या कोलांट्यांसाठी चौदा गाद्या हव्या होत्या, दीड महिन्यासाठी, भाडं आगाऊ. मी ऐटीत दिल्या. शिल्लक सहा. खऱ्या बँका याहून कितीतरी कमी ठेवतात!

पुढे एका शनिवारी दुपारी मी शिल्लक तपासायला मागच्या खोलीत गेलो. आतून कडी लावली. एकावर एक सहा गाद्या, वर पडद्यातून गाळून आलेलं मऊ ऊन. तपासायचं तर आडवं व्हायला हवं.

आणि काय सांगू, स्वप्नात मी एका प्रचंड बँकेचा मालक होतो! भिंती कापसाच्या, कारकून मोज्यांवर चालणारे, कुठे आवाज म्हणून नाही. लोक रांगेत उभे राहून झोप जमा करत होते. कुणी पाच मिनिटं, कुणी रविवारची अख्खी दुपार. वर्षअखेर मी त्यांना व्याज म्हणून जांभया वाटत होतो आणि म्हाताऱ्यांना अर्धी जांभई जास्त. लांब कुठेतरी कुणी टकटक करत होतं. मी हसून म्हणालो, "उद्या या."

टकटक करत होते हेडमास्तर! त्यांची मुलगी नातवंडांसह येऊन थडकली होती.

"माणूस आत आहे," ते जिन्यात मोठ्याने म्हणाले, "पण दार उघडत नाही!"

एवढं एक वाक्य पुरलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आत्याबाईंकडे कुणी यायचंही नव्हतं, पण त्या म्हणाल्या, "मग मी माझी काढूनच घेते कशी!" मी डोळे चोळत दार उघडलं, तेव्हा रांग रस्त्यापर्यंत गेली होती.

"घाबरू नका!" मी ओरडलो. "बँक भक्कम आहे!"

जे तोवर घाबरले नव्हते, तेही घाबरले. दारात रेटारेटी झाली आणि पाच मिनिटांत सहा गाद्या संपल्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बिऱ्हाडं वीस असली तरी शाळांची सुट्टी एकच! सगळ्यांची जोखीम एकाच घंटेला बांधलेली असू नये, हे मी ऑफिसात नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवतो.

"उरलेल्या कुठे आहेत?" रांगेत मागे पडलेल्या हेडमास्तरांनी पावती नाचवत विचारलं.

वरात तळमजल्यावरच्या हॉलमध्ये गेली. तिथे चौदा गाद्या नव्हत्याच. एकच होती! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अखंड, आणि तिच्यावर मुलं कोलांट्या मारत होती.

"फटीत मुलांचे पाय अडकायचे," व्यायामशिक्षक कौतुकाने म्हणाले. "वहिनींनी शिवून दिली. पैसेही घेतले हां, चोख!"

कोपऱ्यात माझी बायको हातात दाभण धरून शेवटची गाठ मारत होती.

"अगं, या लोकांच्या गाद्या आहेत!" मी म्हणालो.

"सर म्हणाले, तुमच्या मिस्टरांनी दिल्या. मला वाटलं, सगळ्यांना विचारून कायमच्या दिल्यात." तिचा आवाज बारीक झाला. "वाटलं, खोली रिकामी करताय. माझ्यासाठी."

मला लाज वाटली. ऑफिसात वाटते तसली नव्हे, खरी.

हेडमास्तरांनी बदकाचा डाग शोधून गादी ओढली. दोघं मदतीला धावले. शिवण हलेना! आत्याबाई गुडघ्यांवर बसल्या आणि टाके चाचपू लागल्या.

"काय गं, हे टाके कुठे शिकलीस?"

"घरीच," बायको म्हणाली आणि कात्री घेऊन उसवायला बसली. संध्याकाळच्या चहापर्यंत चौदाही सुटल्या. प्रत्येकजण आपापला डाग ओळखून घरी गेला आणि जाता जाता अकरा बायकांनी शिवणक्लासला नावं घातली.

राहता राहिले व्यायामशिक्षक, त्यांचं भाडं आणि कोलांट्या मारणारी पोरं. नुकसान आधी मालकाने सोसायचं, हा आमच्या धंद्याचा नियम. भाडं परत गेलं आणि वर आमच्या पलंगावरची गादीही गेली. जोडीतली माझी. बायकोची जागेवर आहे.

एक तारखेला मशीन आलं, मागच्या खोलीतच. कोपऱ्यात कापडाच्या चिंध्यांचा छान उबदार ढीग साठलाय, वर पडद्यातून तेच ऊन. परवाच्या रविवारी मी बिचकत विचारलं, "जरा पडू का इथे?"

तिने मान वर न करता दोरा ओवला. "पडा. पण मागताक्षणी उठायचं."

मी पडलो. कापसाच्या भिंती दिसू लागल्या, कारकून मोज्यांवर चालू लागले, आणि अकरा बायका आल्या.