सिग्नीचं मागचं दार

हेल्लेविकच्या घरगुती बिअर मंडळातल्या एकाही सभासदानं उभ्या जन्मात विकतची बिअर तोंडाला लावलेली नव्हती. मंडळाचा पहिला नियमच तसा होता. आणि नियम केला की ती गोष्ट घडायची थांबते, यावर अख्ख्या नॉर्वेचा विश्वास आहे.

मंडळाचा अध्यक्ष हाल्डोर. फेरीबोटीचा निवृत्त कप्तान, अंगानं पिंप आणि आवाजानं भोंगा. दर सभेला तो उभा राहून सांगायचा, "विकतची बिअर म्हणजे भाड्यानं आणलेली आजी. गोड हसते, पण कुणाकडे बघून हसतेय ते तिलाही ठाऊक नसतं!" टाळ्या पडायच्या. सगळे आपापल्या घरची बाटली उघडायचे, एक घोट घ्यायचे आणि लगेच हवापाण्यावर बोलायला लागायचे.

आता अशा या सोवळ्या गावात, धक्क्याजवळ सिग्नीचा बिअरचा छोटा कारखाना वर्षानुवर्षं कसा चालला होता, ते देव जाणे. सिग्नी हाल्डोरचीच चेली. त्याच्याच लाकडाच्या वखारीत, त्याच्याच पातेल्यावर शिकलेली. पण ज्या दिवशी तिनं बाटलीला लेबल लावून किंमत लिहिली, त्या दिवशी मंडळानं तिला काढून टाकलं. तेव्हापासून तिच्या पुढच्या दाराला गावात कुणी शिवलं नाही. मागच्या दाराचं बिजागर मात्र तिला दरवर्षी बदलावं लागे.

मागच्या दारानं जाणारे काही पिण्यासाठी जात नव्हते हं! हाल्डोर जायचा तो बाटल्यांसाठी. घरची बिअर भरायला जाड काचेची तपकिरी बाटली लागते, आणि तशी बाटली सिग्नीकडेच मिळते. ती आधीच भरलेली मिळते, यात त्याचा काय दोष? आतलं मोरीत ओतणं म्हणजे अन्नाचा अपमान. शाळामास्तर ओस्मुंड जायचा तुलनात्मक अभ्यासासाठी. शत्रू किती घसरलाय यावर डोळा ठेवायला हवा, आणि शत्रू नेमका दर शुक्रवारी घसरायचा. खजिनदार टोराबाईंना बाटलीच्या तळाशी बसलेलं यीस्ट तेवढं हवं असायचं. तळाशी पोचायचं तर वरून सुरुवात करावी लागते, त्याला बाई तरी काय करणार?

अडचण यायची ती रिकाम्या बाटल्यांची. हाल्डोरचा माळा बाटल्यांनी भरला तेव्हा त्याची बायको आसलाउग म्हणाली, "यापुढे बाटली आली तर तुझं अंथरूण माळ्यावर." गावच्या दुकानात बाटल्या परत घेणारं मशीन होतं, पण ते मेलं बाटलीगणिक ढेकर द्यायचं, आणि कुणाच्या नावानं किती ढेकर आले ते सगळ्या गावाला पाठ व्हायचं. म्हणून हाल्डोर पोती घेऊन फेरीबोटीनं फ्योर्डपलीकडच्या, म्हणजे खाडीपलीकडच्या गावी गेला. तिथल्या मशीनपुढे ओस्मुंड उभा. हातात पोतं.

"अरे, तू इकडे कसा?" हाल्डोर म्हणाला.

"किनारा साफ केला. लोक काय काय टाकतात रे! आणि तू?"

"मीही. दुसऱ्या बाजूचा."

दोघांनी शेजारी उभं राहून पोती रिकामी केली. दोन्ही किनाऱ्यांवर समुद्रानं निवडून निवडून सिग्नीच्याच बाटल्या टाकल्या होत्या. या चमत्कारावर दोघांपैकी कुणीही चर्चा काढली नाही.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना हाल्डोरच्या लेकीचं, रान्वायचं लग्न ठरलं.

लग्नाची बिअर मुलीच्या बापानंच करायची, हा तिथला रिवाज. लग्नाच्या आदल्या दिवशी पिंपाची तोटी उघडायची, शेजाऱ्यांना पहिल्या धारेला बोलवायचं आणि लाकडी कटोरा हातोहात फिरवायचा. पहिली धार बिघडली तर लग्न होतं, पण नातवंडांच्या लग्नापर्यंत लोक ती गोष्ट सांगत राहतात. त्यात हा तर मंडळाचा अध्यक्ष! रान्वाय म्हणाली, "बाबा, मला दुसरं काही नको. पणजोबांच्या हातची असायची म्हणतात ना, तशी बिअर हवी." हाल्डोरची छाती पिंपाच्याही पुढे गेली.

त्यानं जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या उकळल्या, जवाचं पाणी गाळलं, आजोबांच्या लाकडी कड्यावर वाळवलेलं यीस्ट काढलं. आता यीस्ट टाकताना पोटातून आरोळी ठोकायची असते. भुतंखेतं पळतात आणि बिअर जोरकस होते. जेवढी आरोळी मोठी, तेवढी बिअर कडक. मंडळानं त्यासाठी आरोळी उपसमितीही नेमलेली होती. हाल्डोरनं छाती भरून श्वास घेतला, तेवढ्यात आसलाउग धावत आली.

"अरे थांब! ओस्लोच्या विहीणबाई आत झोपल्यात. डोकं दुखतंय त्यांचं."

"मग काय, आरोळी नको ठोकू?"

"ठोक की. पण हळू."

हाल्डोरनं पिंपावर वाकून, कानात गुपित सांगावं तशी आरोळी ठोकली. यीस्टला ती ऐकूच गेली नाही. काही दिवसांनी तोटी उघडली तर असा वास, की मांजर वखार सोडून शेजारी राहायला गेलं ते गेलंच. आसलाउगनं बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, "मुळ्याचं लोणचं घालू यात. पाहुण्यांना लोणचं पाजायचं असेल तर आणखी बरं."

लग्न दोन दिवसांवर. हाल्डोर पिंपाशेजारी बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला बाटल्यांची गरज नसताना सिग्नीची आठवण झाली.

उन्हाळ्यात तिथे अंधार पडत नाही, त्यामुळे चोरून काही करायचं म्हणजे भारी पंचाईत. टीव्हीवर फुटबॉलची मॅच लागली, गाव घरात शिरलं, तसा हाल्डोर मागच्या दारी पोचला.

"या हाल्डोरकाका," सिग्नी म्हणाली. "किती बाटल्या रिकाम्या करायच्यात?"

"पिंप हवंय. भरलेलं."

सिग्नीनं हातातली बाटली खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "रान्वायच्या लग्नाचं?"

हाल्डोरनं मान खाली घातली. "कुणाला कळलं तर फ्योर्डमध्ये उडी मारावी लागेल मला."

"मारू नका, पाणी गार आहे. पिंप देते. पण एक अट. रान्वाय आणि मी एका बाकावर बसून शिकलो, काका. अख्ख्या गावाला आमंत्रण गेलं, मला नाही. मला बोलवा."

"ये बाई," हाल्डोर म्हणाला. "पुढच्या दारानं ये."

मासे धरायच्या जाळ्याखाली झाकून पिंप होडीतून घरी आलं. आदल्या दिवशी शेजारी जमले. हाल्डोरनं तोटी उघडली, कटोरा भरला आणि ओस्मुंडच्या हातात दिला. ओस्मुंडनं घोट घेतला. त्याच्या भुवया वर गेल्या, त्या खाली यायचं नाव घेईनात.

"ही चव..." तो म्हणाला, "ही मी कुठेतरी..."

"कुठे?" हाल्डोरनं विचारलं.

ओस्मुंडच्या लक्षात आलं. ओळखली म्हणायचं, तर आधी प्यायलेली असायला हवी.

"कुठेच नाही!" तो ओरडला. "आयुष्यात पहिल्यांदा! वा!"

कटोरा पुढे गेला. टोराबाईंनी घोट घेतला आणि सवयीनं तळाशी यीस्ट आहे का बघितलं. मग दचकून वर बघितलं. "अगदी अनोळखी!" त्या म्हणाल्या. "इतकी अनोळखी चव मी जन्मात चाखली नव्हती." कटोरा घरभर फिरला. प्रत्येकानं पहिल्या घोटाला ओळखली आणि दुसऱ्या घोटाला विसरली. स्तुती अशी सुरू झाली की विहीणबाईंचं डोकं पुन्हा दुखायला लागलं.

लग्नात तर कहरच झाला. सिग्नी पुढच्या दारानं आली, रान्वायनं तिला मिठी मारली, आणि ओस्मुंडनं सगळ्यांदेखत तिच्या हातात कटोरा दिला.

"घे पोरी, पिऊन बघ! याला म्हणतात घरची. तुझ्या कारखान्यात सात जन्मात व्हायची नाही."

सिग्नीनं शांतपणे घोट घेतला. "खरंय मास्तर. कुठे ही आणि कुठे माझी."

मटण आणि साईची खीर पोटात गेल्यावर ओस्मुंड खुर्चीवर चढला आणि त्यानं ठराव मांडला. हाल्डोरनं लग्नाला केलेल्या बिअरची चव ही 'हेल्लेविकची मूळ घरगुती चव' म्हणून मंडळानं प्रमाणित करावी, आणि यापुढे प्रत्येक सभासदानं नाताळाला घरी हीच चव काढावी. न निघाल्यास सभासदत्व स्थगित. आता विरोध कोण करणार? ज्यानं विरोध करावा, त्याला चव माहीत असणार. ठराव एकमतानं पास. नवरदेवानंही हात वर केला, त्याला वाटलं हा लग्नाचाच विधी आहे.

लग्न पार पडलं आणि सिग्नीच्या मागच्या दारी जत्रा भरली. मूळ घरगुती चव काढायची तर दुसरा इलाजच नव्हता. शेवटी बाटलीवाल्यांची एक, अभ्यासवाल्यांची एक आणि यीस्टवाल्यांची एक, अशा वेगळ्या रांगा लावाव्या लागल्या. रांगेत उभं राहून शेजाऱ्याकडे बघायचं नाही, असा अलिखित संकेत ठरला. त्यामुळे सगळं गाव दाटीवाटीनं उभं राहून गंभीरपणे फ्योर्डकडे बघत असे. एका पर्यटकानं विचारलंही म्हणे, देवमासा आलाय का?

आणि नाताळ तोंडावर आला असताना सिग्नीच्या पुढच्या दारावर पाटी लागली : बिअर संपली.

गावावर आकाश कोसळलं. पण पाटी वाचल्याचं कबूल कसं करायचं? शेवटी मंडळ हाल्डोरच्या दारात आलं.

"हाल्डोर," ओस्मुंड खाकरला, "यंदा सगळ्यांच्याच घरी... काय म्हणतात ते... हवा मानवली नाही. मूळ चव तुझी. नाताळाची बिअर तूच कर."

हाल्डोरच्या घरीही पिंप कोरडंच होतं, पण अध्यक्षानं नाही म्हणायचं कसं? तो वखारीत गेला. विहीणबाई ओस्लोत होत्या. त्यानं यीस्ट टाकलं आणि पोटातून, टाचांतून, आजोबांच्या आठवणीतून अशी आरोळी ठोकली, की धक्क्यावर येणारी फेरीबोट समोरून दुसरी बोट आली समजून उलटी फिरली आणि डोंगरावरच्या मेंढ्या एकदम बसल्या.

आणि बिअर झाली. काय बिअर झाली! पहिल्या घोटाला हाल्डोरला आजोबांचा कोट आठवला, त्या कोटाचा धुराचा वास आठवला. त्यानं रान्वायला फोन लावला आणि फोनपुढेच कटोरा धरला. "बाबा, काय झालं?" ती विचारत राहिली. "झाली," तो म्हणाला. "पणजोबांसारखी झाली, बाळा."

त्यानं पिंप स्वतः ढकलत मंडळाच्या सभागृहात नेलं. आज कशाचीच भीती नव्हती. कटोरा फिरला. जो तो एक घोट घेऊन हवापाण्यावर बोलायला लागला. कटोरा परत आला तेव्हा ओस्मुंडनं मिशी पुसली.

"हाल्डोर, खरं सांग. कुठून आणलीस?"

"आणली? मी केली!"

"अरे, घरची चव आम्ही ओळखत नाही का? लग्नात तूच पाजलीस की. ती कुठे, ही कुठे! ही सरळसरळ विकतची आहे."

"कारखान्याचा वास येतोय," टोराबाई म्हणाल्या.

हाल्डोर कोंडीत सापडला. ही घरची आहे हे पटवायचं, तर लग्नातली ती विकतची होती हे सांगावं लागणार. कसंही बोललं तरी पहिला नियम मोडतोच. तेवढ्यात वासामागे दारापर्यंत आलेली सिग्नी पुढे झाली, तिनं कटोरा उचलला, घोट घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

"काका, हीच! इतकी वर्षं मी कारखान्यात हीच चव शोधतेय."

"ऐका!" ओस्मुंड गरजला. "कारखानदारीण स्वतः सांगतेय! आणखी पुरावा कशाला हवा?"

पहिल्या नियमाचा भंग केल्याबद्दल हाल्डोरला मंडळातून काढण्याचा ठराव एकमतानं पास झाला. नवा अध्यक्ष ओस्मुंड. त्यानं पहिलं भाषण भाड्याच्या आजीवरच केलं.

हाल्डोर आता सिग्नीच्या कारखान्यात असतो. आरोळी ठोकायचं काम त्याच्याकडे. दोघं मिळून ती आजोबांची बिअर करतात, कपाटात ठेवतात आणि रान्वाय आली की उघडतात. विकायला त्यांनी एकदा ठेवून बघितली, पण मागच्या दारचं गिऱ्हाईक एकेक घोट घेऊन तोंड वाकडं करायचं. त्यांना ती नेहमीचीच हवी असते. घरची.

हसा, हसा खुशाल. पण परवा तुमच्याकडे पाहुण्या बाईंनी आमटीची वाटी तोंडाला लावून डोळे मिटले, "मसाला घरचा ना हो?" असं विचारलं, आणि तुम्ही लाजत "हो तर!" म्हणालात. त्या क्षणी बाई किंचित दचकल्या, ते तुमच्या लक्षात आलं नाही. त्यांनी दुकान ओळखलं होतं. त्याही तिथूनच आणतात.